भूतानात असं नसतं

खांबेटेकाकांना "काय काका, कसे आहात?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलंत, की ते जिन्यातच थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "भूतानात असं नसतं. भूतानात भेटल्यावर विचारतात, कुठे निघालात?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मग घो नावाचा तिथला पोशाख म्हणजे काय, तो पुरुष गुडघ्यापर्यंतच का नेसतात, त्याच्या पोटावरच्या खिशात वाटीपासून सुरीपर्यंत काय काय मावतं, हे सगळं यायचं. तुमच्या हातात दुधाचा कॅन असायचा आणि बोटांना रग लागायची. कुठे निघालात हे मात्र ते कधीच विचारायचे नाहीत.

हे सगळं मिनेसोटातल्या ईडन प्रेरीमधलं. दोन हजार चार साल. संदीप, म्हणजे माझा नवरा, सकाळी प्रोजेक्टवर जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. मला नोकरीची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, आणि बाहेर बघावं तिकडे बर्फ. नागपूरच्या पोरीला उन्हाची सवय हो, मी तर जानेवारीत वेडी व्हायच्या बेताला आले होते. अशात कळलं, की खालच्याच मजल्यावर मराठी काका-काकू आहेत. मला वाटलं, लॉटरी लागली. लॉटरीत भूतान निघालं.

काका पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. या देशात येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. भूतानला ते आयुष्यात कधी गेले नव्हते. तिथे त्यांचं कुणी नव्हतं. तरी त्यांच्या बैठकीत देवाच्या फोटोपेक्षा मोठा भूतानचा नकाशा होता.

एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि एमा दात्शी केली. "मिरची तिथे मसाला नाही, भाजी आहे," असं म्हणत त्यांनी वाढलेली ती वस्तू म्हणजे अख्ख्या हिरव्या मिरच्या, चीजमध्ये शिजवलेल्या. आता मी नागपूरची, तिखटाचं मला कुणी सांगू नये. पण दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. संदीप तर उठून बाल्कनीत गेला आणि रेलिंगवरचा बर्फ खाऊन आला. काका डोळे पुसत पुसत खात होते. "छान जमलीय ना?" काकू समोर बसल्या होत्या. त्यांनी भात चिवडला, आमच्याकडे बघून ओठ जरासे हलवले, आणि उठून गेल्या.

महाराष्ट्र मंडळाच्या बॉलिंगच्या सहलीत तर त्यांनी कहरच केला. भूतानात तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळ. आपल्या गड्याचा बाण लागला, की सगळे हात पसरून संथ नाचतात, आणि समोरच्यानं नेम धरला, की त्याची टिंगल करतात. आमच्यातल्या कुणाची एक पिन पडली तरी काका हात पसरून गोल गोल फिरायचे. पुढचा माणूस बॉल धरून ताटकळत उभा. समोरच्या टीममधले डॉक्टर जोशी नेम धरायला लागले तर काका त्यांच्यापुढे जाऊन म्हणाले, "अहो, तुम्हाला ऑपरेशनलासुद्धा जागा सापडते की नाही?" शेजारच्या लेनवरच्या गोऱ्या कुटुंबानं आपली मुलं जवळ ओढून घेतली.

गणपतीला भाड्याच्या हॉलबाहेर गाड्यांची गर्दी झाली तेव्हा काका खिशातून पांढरे हातमोजे काढून मध्यभागी उभे राहिले. "थिंफूत सिग्नल नाहीत. एकदा बसवला होता, लोकांना आवडला नाही, काढून टाकला. तिथे पोलीस असा हात करतो." त्यांनी असा हात केला. दहा मिनिटांत गाड्या एकमेकींच्या नाकाला नाक लावून अडकल्या, आणि निम्म्या लोकांनी आरती पार्किंगमध्ये बसून ऐकली.

एका पार्टीत सगळे ग्रीन कार्डाचं रडगाणं गात होते. कुणाची फाइल अडकलेली, कुणाचं स्टॅम्पिंग रखडलेलं. काका एकदम म्हणाले, "एका देशात तुम्हाला व्हिसाच लागत नाही. भारतातलं ओळखपत्र दाखवायचं आणि सरळ सरहद्दीवरच्या कमानीखालून चालत जायचं." मग कुणीतरी म्हणालं, "काका, तिकडे जावाचे जॉब आहेत का?" आणि सगळे हसले. काकाही हसले. त्यांना कोणी हसलेलं चालायचं.

पाठीमागे मात्र लोक हसत नसत. "डोक्यावर परिणाम झालाय हो," असं हळूच म्हणत. कारण सगळ्यांना माहीत होतं.

निखिल. एकुलता एक. इथेच जन्मलेला, वीस वर्षांचा. खांबेट्यांचं तळ्याकाठी स्वतःचं घर होतं. हिवाळ्यात इथे तळी इतकी गोठतात, की लोक वरून ट्रक नेतात. पण मार्च संपताना तोच बर्फ वरून पांढरा आणि आतून पोकळ होतो. निखिल मित्राबरोबर घरासमोरच्याच तळ्यावर गेला. मित्र परत आला. काकू तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या.

आम्ही यायच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. काकांनी ते घर विकलं आणि मुद्दाम पार्किंगकडे तोंड असलेला हा फ्लॅट घेतला. आणि काकू बोलायच्या थांबल्या. अगदी मुक्या नव्हेत. "हो", "नको", "ठेव तिथे", एवढं यायचं. फोन उचलायच्या नाहीत, देवळात यायच्या नाहीत, खिडकीचे पडदे दिवसासुद्धा बंद. मी कधी चकल्या घेऊन गेले तर डबा घ्यायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू मी कुठल्यातरी दुसऱ्याच स्टेशनवर उभी आहे. अशा बाईला घरी ठेवून हा माणूस बॉलिंग करत नाचतो? मला भयंकर राग यायचा. घरात काय चाललंय आणि यांना भूतान सुचतंय!

त्या रागातच मी त्यांना एकदा पकडलं. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. काका काकूंची ओटी न्यायला आले आणि सवयीप्रमाणे सुरू झाले. कुणीतरी सहज विचारलं, "मग तिथे नैनितालसारखी तळी असतील ना?"

"नाहीत," काका म्हणाले. "भूतानात तळं नाही. एकही."

इतक्या ताडकन म्हणाले, की मला शंका आली. हिमालयातला देश आणि तळं नाही? दुसऱ्या दिवशी मी चालत लायब्ररीत गेले. थंडीनं नाक जागेवर आहे की नाही ते चाचपत गेले, पण गेले. पुस्तक उघडलं. उत्तरेकडे सगळ्या डोंगरांत निळे ठिपके. बर्फ वितळून झालेली तळीच तळी. म्हटलं, आता बघते. मोठे आले भूतानवाले!

काका तळघरातल्या लाँड्री रूममध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. मी पुस्तक वॉशिंग मशीनवर आपटलं. "काका, हे काय आहे? तुमच्या भूतानात तर ढिगानं तळी आहेत!"

काकांनी आधी दाराकडे बघितलं. मग पुस्तक मिटलं.

"हळू बोल, मृणाल," ते म्हणाले. "वर ऐकू जाईल."

"कुणाला?"

ते ड्रायरला टेकले. हातात काकूंचा स्वेटर होता, त्याची घडी तीनदा घातली.

"तिचं बोलणं बंद होतं गं. सहा महिने, सात महिने. मी जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. एका संध्याकाळी मी टीव्हीची चॅनेलं बदलत होतो. कुठलेतरी डोंगर, कुठलंतरी देऊळ दाखवत होते. आणि ही म्हणाली, 'तिथे तळी आहेत का हो?' मला तर तो देश कुठे आहे तेसुद्धा धड ठाऊक नव्हतं. मी ठोकून दिलं, 'नाहीत.' ती म्हणाली, 'बरं आहे.' आणि त्या दिवशी आपल्या हातानं वाढून घेतलं तिनं."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो. पहिल्याच पानावर नकाशा, आणि नकाशावर हे निळे ठिपके! आता काय करणार? एकदा नाहीत म्हटलं ते नाहीत. रोज एक गोष्ट सांगतो तिला. तळ्यांची सोडून. माणूस गेल्यावर ते लोक डोंगरावर पांढरी निशाणं लावतात, तेही नाही सांगितलं. रोज ऐकते. कधी 'हो का' म्हणते. तुम्हा लोकांना सांगून बघतो आधी, कंटाळवाणं आहे का ते कळावं म्हणून."

मी म्हटलं, "काका, तुम्ही काकूंना घेऊन परत पुण्याला का नाही जात?"

"म्हणतो ना. ती म्हणते, 'त्याला इथे एकटं टाकून?' आणि इथे कुठे नेऊ तिला? दहा हजार तळ्यांचं राज्य हे. गाड्यांच्या नंबर प्लेटवरसुद्धा लिहून ठेवलंय मेल्यांनी. पार्किंगचा फ्लॅट घेतला तर खिडकीतून गाड्यांवर तेच दिसतं." काकांनी स्वेटर टोपलीत ठेवला. "आणि तो देश लहान आहे गं. संपत आलाय. राजे झाले, सण झाले, पक्षी झाले. आता टपालाच्या तिकिटांवर आलोय. तिकिटं किती दिवस पुरणार?"

पुस्तक पदराखाली लपवावं तसं मी जॅकेटमध्ये घातलं आणि वर आले.

त्यानंतर आठवड्याभरात मी गाजराचा हलवा घेऊन खाली गेले. काका अजून ऑफिसातून यायचे होते. काकूंनी डबा घेतला, आणि नेहमीसारखं दार न लावता म्हणाल्या, "बस."

मी बसले. नकाशासमोरच बसले, आणि आता मला ते दिसलं. उत्तरेकडे, जिथे पुस्तकात निळे ठिपके होते, तिथे हिरवे ठिपके होते. जरा गडद हिरवे. कडेनं पुसटसा निळा रंग डोकावत होता. मी पटकन नजर वळवली, पण काकूंनी बघितलं होतं.

"स्केचपेन," त्या म्हणाल्या. "मी झोपलेय असं वाटून हे रंगवत होते. जीभ बाहेर काढून. निखिल रंगवायचा तशी."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"लग्नाआधी मी शाळेत भूगोल शिकवायचे," काकू म्हणाल्या. "हिमालयात तळी नसतील होय? मनात आलं ते विचारलं मी. ते 'नाहीत' म्हणाले तेव्हाच कळलं, की खोटं बोलताहेत. पण बोलले तरी. तोवर घरी आले, की कोटसुद्धा काढायचे नाहीत. दारातल्या त्या खुर्चीत बसायचे. बुटांचा बर्फ वितळून गालिचा भिजायचा, तरी उठायचे नाहीत. मला वाटायचं, हेही जाणार आता." त्या थांबल्या. इतकं बोलून त्यांना धाप लागली होती. "त्यांना सांगू नकोस, मला ठाऊक आहे म्हणून. त्याचं नाव आम्हाला घेता येत नाही गं. दोघांनाही. भूतानचं घेता येतं."

"काकू, पण असं किती दिवस..."

त्यांनी मान हलवली. कुलपात किल्ली फिरली.

काका आत आले. मला बघून क्षणभर दचकले, नकाशाकडे एक चोरटी नजर टाकली, मग कोट काढून खुंटीला लावला, बूट काढून चटईवर ठेवले आणि काकूंसमोर येऊन बसले.

"अगं, ऐकलंस का? भूतानात टपालाचं तिकीट वाजतं! तबकडीसारखं गोल असतं, ग्रामोफोनवर लावायचं. त्यातून तिथलं गाणं ऐकू येतं."

"हो का?" काकू म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "आणि उद्या काय सांगाल?"

काकांनी कप उचलला, परत खाली ठेवला. माझ्याकडे बघायचं टाळलं.

"सांगेन की."

"अजून उरलं असेल ना बरंच?"

"पुष्कळ," काका म्हणाले. "मोठा देश आहे तो."

काकूंनी मान डोलावली. "हो," त्या म्हणाल्या. "खूप मोठा आहे."