खग्रास शेवट

"दाढीत मुंगी शिरलीय. राजाने खाजवायचं की नाही, ते कुठे लिहिलंय का?" थोरले दीर ओठ न हलवता पुटपुटले.

पुठ्ठ्याच्या सिंहासनामागे दडून त्यांच्या शेल्याला पिना टोचत बसलेली लेखिका कुजबुजली, "नाही लिहिलं, भाऊजी. हळूच खाजवा."

सिनेमा तिने लिहिला होता आणि तिचा नवरा काढत होता. आज तो पुरा झाला नाही, तर उद्यापासून थोरल्या भावाच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं त्याने कबूल केलं होतं. दीर वाईट नव्हते. राजा मिळेना म्हणून ते बिचारे दुकान बंद ठेवून, दाढी लावून उन्हात बसले होते.

गोष्टीत एक निरपराध वैद्य फासाखाली उभा राहतो, "सूर्य विझवीन" अशी धमकी देतो, तेवढ्यात ग्रहण लागतं आणि राजा घाबरून त्याला सोडतो. हा शेवट तिने घरी वाचून दाखवला तेव्हा सासूबाई एकदम चहा टाकायला उठल्या होत्या आणि कॅमेरावाला मावसभाऊ स्वच्छ काच पुन्हा पुसत बसला होता. ती काय समजायचं ते समजली. नवऱ्याला मात्र ती दाद वाटली असावी. "खोटं ग्रहण चालणार नाही," एवढंच तो म्हणाला, आणि खरं ग्रहण गावावर यायची वाट बघण्यात सगळ्यांची वर्षं गेली.

पाण्याच्या टाकीमागचं मैदान ठरलं. तिथल्या चार उंच खांबांना तपकिरी कागद गुंडाळून झाडं केली. तालमी झाल्या, त्या सगळ्या भरदुपारी.

"कॅमेरा!"

"चालू!"

वैद्याने, म्हणजे गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरने, गळ्यातल्या दोरासकट मान ताठ केली. "राजा, बघ तुझा सूर्य!"

उजेड गढूळ होत गेला. पाखरं गप्प झाली. राजाची दाढी खरोखरच थरथरली. लेखिकेच्या अंगावर काटा आला. जमतंय की, असं तिच्या मनात येतं न येतं, तोच चारही झाडं लख्ख पेटली. मैदानावर पांढराफेक उजेड पडला.

"दिवे कुणी लावले?" नवरा किंचाळला.

"कुणी नाही," मावसभाऊ म्हणाला. "अंधार पडला की आपोआप लागतात."

"मग बंद कर!"

"उजेड झाला की होतात आपोआप."

जल्लाद एरवी शाळेची बस चालवायचा. त्याने तोंडावरचा काळा बुरखा उपटून दिव्याच्या दिशेने भिरकावला. बुरखा अर्ध्यातून फिरला आणि थेट डॉक्टरच्या तोंडावर बसला. हात बांधलेले, गळ्यात दोर, डॉक्टर ओरडायला लागला, "अरे, श्वास! श्वास!" राजा माणुसकीने धावला. शेला पिनांनी सिंहासनाला जडलेला असल्याने सिंहासनही माणुसकीने धावलं आणि दोघं मिळून कॅमेऱ्यावर कोसळले.

मग सूर्य बाहेर आला. दिवे एकेक करून शहाण्यासारखे विझले.

"पुढचं ग्रहण कधी?" कुणीतरी विचारलं.

"आपली नातवंडं काढतील सिनेमा," मावसभाऊ म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं. "झाडांवर काजवे बसलेत असं दाखवू या का?"

"एवढे?" नवरा म्हणाला.

"आधी मला सोडा!" डॉक्टर बुरख्याआडून ओरडला.

"आता कशाला सोडू?" सवयीने दोर धरून उभा असलेला जल्लाद म्हणाला. "उजेड तर आला परत."

तो आपला गमतीने बोलला. पण मावसभाऊ काच पुसायला लागला. राजा खाली बघून दाढी सोडवत राहिला.

नवऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, घडी करून खिशात घातली.

"दादा, दुकान किती वाजता उघडतोस?"

तोंडातली पिन काढून लेखिका पुढे आली.

"दिव्यांना कशाला दोष द्यायचा?" ती म्हणाली. "ग्रहण सुटल्यावर राजा त्याला पुन्हा लटकवणारच की. मला शेवटच सुचला नव्हता हो. म्हणून मी सूर्य झाकला."

नवऱ्याने तिच्या हातातली पिन घेतली आणि आपल्या सदऱ्याला टोचून ठेवली.

"ठाऊक होतं गं," तो म्हणाला. "मला वाटलं, अंधारात खपून जाईल."