जीप कोल्ली मलैला गेली

मकरंद ऑटोतून उतरला तेव्हा विद्युलता वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिचा पहिला प्रश्न थेट वरूनच आला.

"जीप कुठाय?"

वेस्ट मांबलमच्या त्या चिंचोळ्या गल्लीत जीप नसणं आंधळ्याच्याही लक्षात आलं असतं. ती उभी असली की फुलवालीला टोपली डोक्यावर घेऊन तिरकं चालावं लागे आणि शाळेची व्हॅन उलटी फिरे. आज सगळी गल्ली मोकळी होती, आणि या मोकळेपणाचं कारण सांगणं म्हणजे मकरंदनं जीपवर पाणी सोडणं होतं.

जीप घेताना विद्युलतेनं एकच अट घातली होती. "एक जरी खराबी निघाली, तर ही विकायची आणि माझ्या मनासारखी छोटी गाडी घ्यायची." मकरंदनं छाती ठोकून होकार दिला होता. डोंगर-दऱ्या तुडवण्याचं त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. ते स्वप्न बँकेच्या नोकरीत चेन्नईला बदलून आलं, आणि चेन्नईत डोंगर नाहीत. जीपने आजवर चढलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे टी. नगरचा उड्डाणपूल.

आणि आज सकाळी, बँकेत बसलेला असताना, कंपनीचा निरोप आला. या मॉडेलच्या फोर-व्हील ड्राइव्हच्या डब्यात, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देणाऱ्या डब्यात, बोल्ट ढिले पडू शकतात. गाडी घेऊन या, फुकट बदलून देऊ, तसदीबद्दल क्षमस्व. मकरंदनं तो डबा एकदाही वापरला नव्हता. पण विद्युलतेच्या कायद्यात असल्या सबबीला जागा नव्हती. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, गाडी अंबत्तूरच्या सर्व्हिस सेंटरला सोडली, आणि परतीच्या वाटेवर सांगायला काहीतरी सुचेल असं म्हणत म्हणत घर आलं.

"जीप ना?" तो म्हणाला. "मामांनी नेली."

"कुठल्या मामांनी?"

"आपल्या. खालच्या. कोल्ली मलैच्या डोंगरावर गेलेत, देवदर्शनाला. ड्रायव्हर घेऊन."

"सकाळी तर बनियनवर पेपर वाचत होते!"

"अचानक बोलावणं येतं देवाचं," असं म्हणून मकरंद धावतच खालच्या घरात शिरला.

मामा, म्हणजे घरमालक गुरुमूर्ती राव, झोपाळ्यावर बसून कॉफी पीत होते. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला आले ते परत गेलेच नाहीत. त्यांचं मराठी ऐकताना जुनी बखर कुणी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटे.

"मामा, तुम्ही कोल्ली मलैला गेलायत," मकरंद धापा टाकत म्हणाला.

"मी? केव्हां?"

"दुपारी. माझी जीप घेऊन."

मामांनी टंबलर खाली ठेवला. "अय्यो, जाताना मला सांगून तरी न्यायचं की रे."

मकरंदनं सगळी हकिगत सांगितली. दुसरा कुणी असता तर त्यानं मकरंदला हाकलून लावलं असतं. पण जीप घेतली तेव्हा "गाडी उत्तम आहे अम्मा, मी जामीन," असं विद्युलतेला सांगणारे मामाच होते. आता मकरंदची जीप आणि मामांचा शब्द एकाच गाळात रुतले होते.

"एक रात्र ना?" मामा म्हणाले. "परवायिल्लै, चालेल. मागच्या खोलींत पडून राहतों."

मागची खोली म्हणजे परसदाराकडची अडगळ. तांदळाचे डबे, जुने पेपर आणि एक कुरकुरता पंखा. मामी, विजयलक्ष्मी मामी, लगेच उठल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी याहून मोठे उद्योग पाहिले होते. त्यांनी चटई आणि तांब्या आत नेऊन ठेवला.

तासाभरात विद्युलता उशी घेऊन खाली आली. "मामा नाहीत म्हणजे मामी एकट्याच. मी झोपते आज इथे."

मकरंदच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, त्यांना सवय आहे."

"एकटं राहायची सवय कुणालाच नसते. आणि तूही जेवायला खालीच ये, उगीच दोन ठिकाणी चूल कशाला?"

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून जननी नावाच्या मुलीचा फोन आला. "सार, पार्ट यायचाय सार. दोन दिवस सार. मॅक्झिमम तीन." मागच्या खोलीच्या खिडकीतून मकरंदनं ही बातमी कुजबुजून आत पोचवली. आतून फक्त एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला.

आता प्रश्न मामांच्या पोटाचा होता. तोही मामींनी सोडवला. तिकडे जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायची रीत आहे, ती घराघरांत पाळतात. मामी पान वाढून परसात निघाल्या. पानात भाताचा डोंगर, दोन भाज्या, अप्पळम म्हणजे पापड आणि वर ताकाचा लोटा.

"मामी, एवढं सगळं?" विद्युलतेनं विचारलं.

"मोठा कावळा आहे," मामी म्हणाल्या.

संध्याकाळी त्या कॉफी घेऊन गेल्या. पाच मिनिटांनी तीच कॉफी परत आली, तिच्यात चमचाभर साखर पडली आणि ती पुन्हा परसात गेली. विद्युलता पाहत राहिली. मकरंदनं घाईघाईनं पावसाचा विषय काढला, आणि बाहेर आभाळात एकही ढग नव्हता.

"मामांना फोन तरी करू या," विद्युलता म्हणाली. "घाटात कशी चालली जीप, विचारू."

"वरती रेंज नसते," मकरंद म्हणेपर्यंत तिनं फोन लावलाही होता. मागच्या खोलीत सुप्रभातम् सुरू झालं आणि मध्येच कुणीतरी गळा दाबल्यासारखं थांबलं.

"फोन विसरून गेले वाटतं," मामी शांतपणे म्हणाल्या.

"आणि तो आपोआप बंदही झाला," विद्युलता म्हणाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी मकरंदची गत झाली. रात्री त्याला स्वप्नात छोटी गाडी दिसली. रंग गुलाबी होता.

तिसऱ्या दिवशी मामींनी पिटला केला. आपल्याकडे पिठलं म्हणजे बेसन. तंजावरच्या मराठी घरांत मात्र पिटला होतो तुरीच्या डाळीचा, त्यात कारली, चिंच आणि वाटलेलं खोबरं-धणे. या पदार्थाबद्दल मामा भलते हळवे होते. विद्युलतेनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, भात पुन्हा वाढून घेतला, आणि मग परसाकडे तोंड करून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"मामी, रागावू नका हं. पण हे काही पिठलं नव्हे."

मामींचा हात थांबला. मकरंदनं टेबलाखालून तिला पाय मारला. तो मामींना लागला.

"पिठलं आमच्याकडचं," विद्युलता पुढे म्हणाली. "तंजावरला येईस्तोवर वाटेत सगळे विसरले असतील, मग दिसेल ते घातलं. कारलं काय, चिंच काय! ही आपली बिघडलेली आमटी."

"कोण म्हणतो बिघडली!"

मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. कमरेची वेष्टी सावरत, केसांत कोळिष्टकं घेऊन मामा दारात उभे. "तीनशें वर्षं जालीं! राजांच्या मुदपाकखान्यांतला पिटला हा! विसरलांत तुम्ही लोक! बेसन कालवायचं आणि म्हणे पिठलं!"

मग त्यांना आपण कोल्ली मलैला असल्याची आठवण झाली. ते मकरंदकडे पाहू लागले. मकरंद कारल्याच्या फोडीकडे पाहू लागला.

"या मामा," विद्युलता म्हणाली. "दर्शन नीट झालं?"

"गर्दी होती," मामा क्षीणपणे म्हणाले.

"बसा. गरम वाढते. पिटला फार सुरेख झालाय, मामी, मी दोनदा भात घेतला. पण काय करणार, कावळा बाहेर येईना. ताक पितो इथवर मी मानलं. कॉफीत साखर कमी म्हणून त्यानं ती परत पाठवली, तेव्हा म्हटलं हा कावळा ओळखीचा आहे."

मामी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मामांनाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मकरंदनं सगळं कबूल केलं. कंपनीचा निरोप दाखवला. विद्युलतेनं तो सावकाश वाचला. मकरंदला उगाचच जीपच्या स्टिअरिंगवरचा आपला हात आठवला, तिची उंच सीट आठवली, आणि खरंच भरून आलं.

"म्हणजे विकायची," तो म्हणाला.

"कशाला?" विद्युलतेनं फोन खाली ठेवला. "गाडी बिघडलीसुद्धा नव्हती. बिघडू शकते असं कळल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. चूक आमची, या, आम्ही निस्तरतो. असं बोलणारं माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. अशी गाडी विकतात होय?"

मकरंदला हायसंही वाटलं आणि लागलंही. काय जास्त, ते त्याला ठरवता येईना.

शनिवारी जीप आली. डबा नवा, बोल्ट घट्ट, शिवाय धुऊन पुसून. रविवारी पहाटे मकरंद अंघोळ करून, गॉगल लावून किल्ली शोधू लागला. खाली इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

तो धावत उतरला. विद्युलता स्टिअरिंगवर होती. शेजारी मामी, मांडीवर दह्याभाताचा डबा.

"कुठे?" मकरंदनं विचारलं.

"कोल्ली मलैला. मामा जाऊन आलेत, त्यांना परत कशाला दगदग?"

"अगं, सत्तर वळणांचा घाट आहे तो!"

"माझं सगळं बालपण कोयनानगरला गेलं, मकरंद. बाबांची जीप चालवायला मी कुंभार्ली घाटात शिकले. तू मला कधी विचारलंच नाहीस."

जीप निघाली. फुलवालीला टोपली उचलावी लागली नाही, रविवारची उभी असलेल्या शाळेच्या व्हॅनशेजारून ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि वळली. मामा आणि मकरंद फाटकाशी उभे राहिले.

"अप्पा, काळजी करू नको," मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जीप राहिली ना घरांत?"

मकरंदनं मान डोलावली. गल्ली पुन्हा मोकळी झाली होती.