जावयाच्या पानातली अरवी

आमचे साडभाऊ दादारावजी हेल्मेट घालून स्वयंपाक करतात. अंगात रेनकोट, हातात उलथणं. डुकराचं मांस कातडीसकट कढईत सोडलं की तेल फटाक्यासारखं उडतं, म्हणून हा बंदोबस्त. हेल्मेटची काच खाली ओढून ते मला म्हणतात, "विलासराव, मांगं सरका." मी आधीच व्हरांड्यात असतो. धैर्य हा आमच्या घराण्याचा गुण नाही.

दादारावजी अकोल्याला जठारपेठेत राहतात. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले, पण मोजणी सुटली नाही. "अंदाजा नाही, माप पाह्यजे," हा त्यांचा मंत्र. त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा मलेशियात नोकरीला गेली आणि तिथल्याच एका चिनी मुलाशी तिने लग्न ठरवलं. आधी विचारलं नाही म्हणून हे रुसले, लग्नाला गेले नाहीत. लोकांना सांगितलं, व्हिसा मिळाला नाही. अर्जच केला नव्हता. तेव्हापासून तीन वर्षं प्रज्ञाचा फोन फक्त आईला.

आता ती जावयाला घेऊन पहिल्यांदाच येणार होती. जावयाच्या घरी सणाला काय रांधतात ते बायकोच्या फोनवरून दादारावजींच्या कानावर आलेलं होतं. तेच आपण करायचं, असं त्यांनी ठरवलं.

पदार्थ असा: तळलेल्या मांसाचा एक काप, अरवीचा, म्हणजे अळूच्या कंदाचा, एक काप, अशी वाडग्यात दाटीवाटीने रांग लावायची आणि ते वाडगं दोन तास वाफवायचं. धोप्याच्या, म्हणजे अळूच्याच पानांच्या, वड्या वाफवायचा गंज घरात होताच. नलूताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, मात्र हे पटेना. "पयल्यांदा येऊन राहिला जावई, अन् त्याले उकडेल देता? तो का बिमार हाये?"

चाखायला मी. दर रविवारी अमरावतीहून एस.टी.ने. पहिल्या रविवारी अरवी मिळाली नाही म्हणून त्यांनी सुरण घातला. आम्ही दोघे साडू संध्याकाळपर्यंत चिंच चोखत, घसा खाकरत बसलो. माझा आवाज ऐकून बायको फोनवर म्हणाली, "तिकडं जाऊन पिऊन राहिले का?" पुढच्या रविवारी परतवाड्याहून मोठाली अरवी आली. फुटपट्टी लावून काप सुरू झाले. माझा एक काप किंचित जाड झाला, तर म्हणाले, "एवढ्यानं वावराचा धुरा सरकते, विलासराव. बांधापायी गावात डोके फुटतात."

पाचव्या रविवारी जमलं. मी दोनदा मागून घेतलं.

लेक-जावई आले त्या दिवशी दादारावजींनी वाडगं ताटात उपडं केलं. नुसतं मांस, आणि भोवती चरबीचं तळं. अरवीचा एक काप नाही.

"बाबा, अरवी कुठं हाये?" घरात आल्यापासून प्रज्ञा त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"जावयाच्या पानात अर्धे कंद वाढू? लोक का म्हणतीन?"

"अरवीच तं चरबी पेते, बाबा. हे लोक अरवीसाठीच खातात."

दादारावजी उठले आणि आतून एक भरलेली वाटी घेऊन आले. सगळी अरवी त्यांनी स्वतःपुरती वेगळी वाफवून ठेवली होती. जावयाने ती वाटी चरबीत रिकामी केली, कालवली, पोटभर खाल्ली. मग प्रज्ञाला इंग्रजीत काहीतरी सांगू लागला. तिचा घास हातातच राहिला.

"बाबा, तुमी यांच्या आईले दर रविवारी व्हिडिओ कॉल करता?"

हे मलाही नवीन होतं; मी परतीच्या एस.टी.त बसल्यावर होत असणार.

"रांधाचं इचारायले," दादारावजी पुटपुटले.

"त्यायले मराठी येते?"

"हातानं दाखवते ते बाई. समजते सारं."

"अन् ते झालं की भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो जवळून दाखवा म्हणून खुणा करता. दर खेपेले."

"भात आणतो," म्हणत दादारावजी आत गेले. भात समोरच होता. नलूताई उठू लागल्या, मी त्यांना खुणेने बसवलं. प्रज्ञा उठून आत गेली.

आतून दादारावजींचा आवाज आला, "म्या यायले पाह्यजे होतं."

"हो," प्रज्ञा म्हणाली. "पाह्यजेच होतं." मग म्हणाली, "चला, तुमचं पान वाढते."