गोदाबाईचं प्रस्थान

गोदाबाई गेल्याचा निरोप आला, तेव्हा चुडामण राजघाटावर गिरधर न्हाव्यापुढे बसून अख्खा हिंदुस्थान पालथा घालत होता!

"काशी, गया, जगन्नाथ! तिथून नेपाळात पशुपती, मग खाली थेट रामेश्वर!" गालाला साबण लागला होता, पण तोंड बंद नव्हतं. "आणि एकटा जाणार! बायकोला बरोबर नेणं म्हणजे पाठीला जातं बांधून डोंगर चढणं. दर स्टेशनावर पाणी मागणार, दर देवळापाशी बांगड्या बघणार!"

"वहिनींना विचारलं का?" गिरधरने वस्तरा पुसत विचारलं.

"विचारायचं काय त्यात? लग्न झाल्यापासून तीच म्हणते, एकदा काशी दाखवा. मी म्हटलं, आधी मी बघून येतो. रस्ता बरा असला तर तुला नेतो!"

इतक्यात सुपडू पायऱ्या उतरून आला. हा गोदाबाईचा भाऊ, जसोंडीचा. आठ दिवसांपूर्वी गोदाबाई त्याच्याकडे माहेरपणाला गेली होती. सुपडूच्या डोक्याला पागोटं नव्हतं. ते पाहिलं आणि चुडामणची आगगाडी रामेश्वरच्या अलीकडेच थांबली.

"दाजी, चला," सुपडू म्हणाला. "ताईचा ताप उतरलाच नाही. पहाटे गेली."

मिशी कोरून घ्यायला बसलेला माणूस मिशी उतरवून उठला. गिरधरने आपला पंचा त्याच्या खांद्यावर टाकला.

चुडामण कापसाच्या बाजारात तोलाई करायचा. वस्तू हातात घेतली की वजन सांगायचा. "तागडी खोटं बोलेल, हा हात बोलणार नाही!" ही त्याची नेहमीची फुशारकी. पण तिसऱ्या दिवशी जसोंडीहून परतताना त्याच्या हातात अस्थींचा एक लहानसा तांब्या होता. त्याचं वजन काही त्याला सांगता आलं नाही.

तांब्या त्याने राजघाटावरच्या पिंपळाला टांगला आणि तेरावं उरकून तो लीलाधर भटजींकडे गेला.

"प्रयागला न्यायचं तिला. मग पुढे काशी, नेपाळ, सगळीकडे जाईन. बोललोय ना, ते आता करतोच!"

भटजींनी पंचांग उघडलं. "उत्तरेला निघायचं तर आजच नीघ. नंतर बरेच दिवस योग नाही."

"आज? बाजारात गाड्या लागल्यात, तोलायला माणूस नाही!"

"मग प्रस्थान ठेव. मुहूर्तावर तुझं गाठोडं वेशीबाहेर कोणाच्या तरी घरी नेऊन ठेव, म्हणजे तू निघालासच! मागून ये चार दिवसांनी. देव गाठोडं बघतो रे, माणूस बघत नाही!"

वेशीबाहेर म्हणजे भागाबाईकडे. ही चुडामणची आत्या. हिचं घर लालबागेत, स्टेशनच्या वाटेवर. निम्म्या बऱ्हाणपूरचं प्रस्थान तिच्याच ओसरीवर पडायचं. तिचा नियम एकच. गाठोडं कोणाचंही असो, ते तिने हळदीत रंगवलेल्या पिवळ्या फडक्यात बांधायचं. त्यामुळे कोनाड्यात सगळी गाठोडी जुळ्या भावंडांसारखी बसलेली असत.

आता अडचण अशी की अस्थी कोणी घरात घेत नाही. भागाबाई तर सोवळ्याच्या बाबतीत आगीचा लोळ! पण मुहूर्त गोदीचाही साधायला हवा ना? चुडामणने तांब्या धोतरात गुंडाळला, धोतर पिवळ्या फडक्यात बांधलं आणि चेहरा साधूसारखा केला.

"काय रे आहे यात?"

"धोतर आहे आत्या. दुसरं काय असणार?"

"मग एवढं जपून काय ठेवतोस? अंडी आहेत का धोतरात?"

चार दिवसांनी तो निघाला तेव्हा राजपुऱ्यातली सगळी आळी पोचवायला लोटली. शेजारच्या मालूबाईने जगन्नाथाला वाहायला नारळ दिला. "भाऊ, माझ्या नावाने वाहा बरं! आणि मध्येच परत फिरू नका, यात्रेतून मागे फिरणं चांगलं नाही."

"मी? मागे फिरणार?" चुडामण हसला.

भागाबाईकडे त्याने गाठोडं उचललं, पोटाशी धरलं आणि गाडीत खिडकीशी बसवलं. स्वतः कडेला टेकला. गाडी सुटली.

"गोदे, बघ," तो हळूच म्हणाला, "तो असीरगड. तुला म्हणायचो ना, दाखवीन."

समोर नेमाडची एक म्हातारी होती. तिने विचारलं, "कौन है भैया?"

"घरवाली."

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. तिने कनवटीचं झेंडूचं फूल गाठोड्यावर वाहिलं, डोकं टेकलं. मग सगळा डबा हळहळला. एका मारवाड्याने पाय आखडून घेतले. चुडामण बोलतच राहिला. माहेरी एकटी पाठवली ते चुकलंच म्हणाला, पाणी माग हवं तेवढं म्हणाला. खांडव्याला उतरून त्याने खरोखरच पाणी आणलं आणि दोन थेंब तांब्यावर सोडावेत म्हणून गाठ सोडली.

आत तेलाची बाटली. मूठभर खारका. आणि एक लांबलचक, लालभडक लंगोट!

मारवाड्याने पाय पुन्हा लांब केले. म्हातारीने आपलं फूल उचलून घेतलं आणि ती म्हणाली, "नासमिट्या!"

बऱ्हाणपूर ते खांडवा, चुडामण एका पहिलवानाच्या लंगोटाशी संसाराच्या गोष्टी बोलत आला होता!

उलट्या गाडीने तो लालबागेत उतरला तर समोर मालूबाई, भाचीला घ्यायला आलेली!

"अगं बाई! झालं जगन्नाथ?"

"गाडी... फार जोरात होती," चुडामण म्हणाला. नारळ पाठीमागे लपवून तो भागाबाईच्या घराकडे पळाला.

"आत्या, माझं गाठोडं कोणी नेलं?"

"उखर्डू पहिलवानाने नेलं असेल. परवाच निघाला. देशभर फिरणार म्हणत होता, आखाड्याआखाड्यांतून, एकटाच. जाऊ दे रे, एका धोतराचं काय घेऊन बसलास? मी देते दुसरं."

"आत्या," चुडामण उंबऱ्याबाहेर बसला, "त्यात गोदी होती."

भागाबाईने असा आवाज काढला की ओसरीवरच्या चिमण्या उडाल्या. "माझ्या घरात? माझ्या पापडांच्या डब्याशेजारी? मेल्या, आत्याला फसवतोस!" तिने गोमूत्र आणलं, कोनाडा शिंपला, भिंत शिंपली, चुडामणलाही शिंपलं. मग शिंपता शिंपता खालीच बसली.

"दोन दिवस माझ्या घरी होती माझी सून," ती म्हणाली. "आणि मी तिच्यापुढे दिवासुद्धा लावला नाही."

पहिलवानाला शोधणार कुठे? पत्र पाठवायचं तर पत्ता नाही, आणि पत्ता असता तरी उखर्डूला अक्षर ओळखीचं नाही. चुडामण पुन्हा बाजारात तोलायला लागला. लोक विचारत, "काय हो, रामेश्वर कसं आहे?" तो मान खाली घालून तागडी बघायचा. आता हाताने वजन सांगणं त्याने सोडलंच होतं. घरी दोन पाट मांडायचा, मग एक उचलून ठेवायचा.

केळीला घड लागले, उतरले, उन्हाळा आला. एके दिवशी सुपडू धावत बाजारात आला. "दाजी, चला! पहिलवान आलाय लालबागेत!"

भागाबाईच्या अंगणात उखर्डू उभा होता. उन्हाने काळवंडलेला, अंगाने अर्धा झालेला. दोन्ही हातांत ते पिवळं गाठोडं धरलेलं.

"चुडामणभाऊ, आजी तुमच्या का?"

"आजी नाही रे. माझी बायको."

"मला काय माहीत! काशीच्या आखाड्यात लंगोट काढायला गाठ सोडली तर तांब्या. म्हटलं, कोणाची तरी आजी आपल्याबरोबर आली!"

"मग गंगेत सोडलंस का तिला?"

"मी कसा सोडणार, भाऊ? ज्याचं माणूस त्यानेच सोडावं. मागे फिरायचं नाही, म्हणून पुढे घेऊन गेलो. गया केली. जगन्नाथाला समुद्र दाखवला. नेपाळात थंडी फार, माझी कांबळी आजीला... वहिनींना गुंडाळली. शिवरात्रीला पशुपती झाला. मग रामेश्वर. तेवढ्या प्रयागला उतरलो नाही. तिथले भटजी नाव-गोत्र विचारणार, मी काय सांगू?"

चुडामणने एकदम विचारलं, "गाडीत जागा मिळायची का तिला?"

"माझ्या शेजारी बसतो कोण? अख्खा बाक आमचाच! दर स्टेशनावर मी पाणी प्यायचो, तेव्हा दोन थेंब त्यांच्यावरही शिंपडायचो."

यात्रेकरू परत आला की दारात त्याचे पाय धुतात. भागाबाई तपेलं घेऊन बाहेर आली आणि सवयीने उखर्डूच्या पायांकडे वाकली.

"आधी त्यांचे," उखर्डू म्हणाला.

त्याने गाठोडं उंबऱ्यासमोर ठेवलं. भागाबाईने त्याच्यापुढे पाणी ओतलं, कुंकू वाहिलं, दिवा ओवाळला. सोवळ्याचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चुडामण राजघाटावर दाढीला बसला. तांब्या पुन्हा पिंपळावर होता. गिरधर साबण फासत म्हणाला, "म्हणजे वहिनी अख्खा देश बघून आल्या की! नेपाळसुद्धा! आणि तू, भो?"

"मी खांडव्यापर्यंत."

"आणि मालूबाईंचा नारळ?"

"आमच्या कोनाड्यातच आहे. हलवला तर वाजतो."

गिरधर हसला, मग थांबला. "आता पुन्हा प्रस्थान ठेवणार का?"

"नाही. आता गाठोडं आणि मी एकाच वेळी निघणार."

प्रयाग अजून व्हायचं आहे.