एस्तेलाचा घास आणि टेंभेकरबुवा

"शुक्रवारच्या आत त्या पोरीच्या पोटात घास गेला नाही, तर राजाराम टेंभेकर हे नाव लावणार नाही!" अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये चहाचा कप आपटून काकांनी प्रतिज्ञा केली. त्या दिवशी सोमवार होता. शुक्रवार लांब असला की प्रतिज्ञेला आवाजही चांगला लागतो!

"बाबा, कप!" सुमेधा म्हणाली.

सुमेधा त्यांची सून. कुपोषित मुलांच्या इस्पितळात डॉक्टर. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले सासरे घरी एकटे बसून फ्रिजशी गप्पा मारायला लागले, तेव्हा तिनेच त्यांना तिथे व्हॉलंटिअर म्हणून चिकटवलं. तिथल्या बहुतेक आया स्पॅनिश बोलणाऱ्या. मग काय, काकांनी लायब्ररीतून कॅसेटी आणल्या, वॉकमन कानाला लावला आणि दोन महिन्यांत चाळीस शब्द पाठ केले. बहुतेक सगळे खाण्यापिण्याचे! क्रियापदांच्या जागी ते हातवारे करत.

आणि पोरगी म्हणजे एस्तेला. अडीच वर्षांची, हात उदबत्तीसारखे. मोठ्या आजारातून उठल्यापासून तिने जे तोंड मिटलं होतं, ते बँकेच्या तिजोरीसारखं! शुक्रवारी वजन व्हायचं होतं. वाढलं नाही तर नाकातून नळी. नळीचं नाव निघालं की तिची आई रोझा पदर नसल्यामुळे बाहीला डोळे पुसायची. काकांना ते बघवत नसे.

मंगळवारी काकांनी चमच्याचं विमान केलं. ते त्यांच्याच चष्म्यावर उतरलं. बुधवारी त्यांनी आगगाडीची शिट्टी मारली. एस्तेला ढिम्म, पण शेजारच्या खाटेवरचं पोर असं किंचाळलं की वॉर्डातल्या तीन नर्सा धावत आल्या.

"बाबा, प्लीज! उद्यापासून फक्त खेळणी पुसा," सुमेधाने हात जोडले.

"अगं, गोष्टीशिवाय पोर जेवतं का कधी? आणि गोष्ट म्हटली की कीर्तन! चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसलोय मी. उद्या उभा राहतो!"

"स्पॅनिशमध्ये?"

"देवाला सगळ्या भाषा येतात."

"देवाचं नाही हो, बाबा, तुमचं विचारतेय!"

गुरुवारी जेवणाच्या वेळी काका वॉर्डात उभे राहिले. उपरण्याच्या जागी इस्पितळाचा टॉवेल, चिपळ्यांच्या जागी दोन स्टीलचे चमचे. मुख्य नर्स ओर्तेगाबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "दहा मिनिटं. आणि हळू आवाजात!"

आता कीर्तन आणि हळू आवाज यांची आजवर कधी भेट झाली आहे का, तुम्हीच सांगा!

काकांनी नमन झटपट उरकलं आणि थेट गोकुळात शिरले. "निन्यो... आंब्रे!" बाळाला भूक लागलीय! पोटावर हात फिरवून त्यांनी ते चार वेळा आळवलं. शिंकं उंच टांगलेलं म्हणून ते स्टुलावर चढले. लोण्याचं मडकं फुटलं, गौळण काठी घेऊन धावली, काका स्वतःच बाळ आणि स्वतःच गौळण! वॉर्डातली आठही पोरं डोळे विस्फारून बघत होती. आया टाळ्या धरत होत्या. झाडूवाला झाडूवर हनुवटी टेकून उभा होता.

आणि ऐन लोणी खाण्याच्या प्रसंगी रोझाच्या मांडीवरच्या एस्तेलाचा हात हलला. पुढ्यातल्या खिरीच्या वाडग्याकडे गेला. तिने स्वतः चमचा उचलला! रोझाने श्वास रोखला. दारातल्या सुमेधाने ओर्तेगाबाईंचं मनगट पकडलं. चमचा ओठांपाशी आला...

आणि काकांनी स्टुलावरून उडी मारून तो हिसकावून घेतला!

"श्शू! कीर्तन चालू असताना खायचं नाही! प्रसाद शेवटी!"

अस्सल सांगलीच्या मराठीत! तिथल्या देवळात चाळीस वर्षं कीर्तनात शेंगदाणे चघळणाऱ्या पोरांना गप्प करायचं काम त्यांच्याकडेच होतं. डोक्याला कळायच्या आत हाताने आपली सेवा बजावली होती.

"बाबा!!"

"उपाशी मुलीच्या हातातून चमचा काढून घेतला यांनी?" ओर्तेगाबाई गरजल्या.

एस्तेलाने असा टाहो फोडला की काकांच्या हातातला चमचा गळाला. रडताना पोरगी दोन्ही हात वाडग्याकडे पसरत होती.

"घे गं बाई, घे! पेर्दोन! चुकलो मी!" काकांनी गुडघे टेकले आणि अख्खा वाडगाच पुढे केला. तिने तो छातीशी धरला. हा म्हातारा पुन्हा झडप घालेल म्हणून त्याच्यावरची नजर न काढता ती तोंड घालून भराभरा खात सुटली. वाडगा रिकामा! रोझा रडत होती, काकाही रडत होते. रात्रीचं जेवणही पोरीने तसंच, घाईघाईने संपवलं.

शुक्रवारी काटा शंभर ग्रॅम पुढे सरकला.

"ट्यूब कॅन्सल केली, बाबा!" सुमेधा म्हणाली. ओर्तेगाबाई हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "उद्यापासून रोज कार्यक्रम करा. पोरांच्या चमच्याला मात्र हात लावायचा नाही."

"बघितलंस?" काकांची छाती टॉवेलखाली फुगली. "अर्थ कळावा लागत नाही. कीर्तन थेट काळजाला भिडतं!"

शनिवारी टेंभेकरबुवा पुन्हा उभे राहिले. चमचे वाजले, डोळे मिटले, नमनाची पहिली ओळ निम्मी झाली. तेवढ्यात एस्तेलाने वाडगा बाजूला ठेवला, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

"आमेन!" बाकीच्या सात जणांनी साथ दिली आणि सगळे चमचे एकदम चालू झाले.

रोझा ओशाळून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतेय?" काकांनी विचारलं.

सुमेधा हसू दाबत म्हणाली, "चर्चमध्ये प्रवचन लांबलं की पोरगी असंच करते म्हणे. म्हणजे लवकर संपतं."

काका खाली बसले. चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून आपल्याही मनात कितीदा हेच आलं होतं, ते मात्र त्यांनी सुनेला सांगितलं नाही.