मोडून बघणारा मिलिंद

मिलिंद कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नाही. आधी हातानं दाबतो, मग हलवून बघतो, मग अर्धाच बसतो. खुर्चीनं काही तक्रार केली नाही, तर उरलेला बसतो. जवळा बाजारात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथली कुठली खुर्ची कुठं कुरकुरते, हे माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत.

तो पुण्याच्या एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे बाकीचे लोक सॉफ्टवेअर बनवतात आणि हा ते वापरून वापरून कुठं मोडतंय ते शोधतो. घरून काम करायची मुभा मिळाली, तसा तो मायजवळ गावी येऊन राहिला. माय एकटीच. घरचं नेट गेलं की लॅपटॉप काखेत मारून तो माझ्या दुकानात हजर. मी एखाद्याचा फॉर्म उघडला की मागून आवाज येणार, "भाऊ, वय उणे पाच टाकून पाहा बरं."

"काहून?"

"एखाद्यानं टाकलंच तर?"

हे 'तर' त्याला कुठंच सोडत नाही. पुसेगावला त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. त्यानं विचारलं, "तुमाला गावात राहायला जमेल का?" मुलगी म्हणाली, "जमेल." चहा झाला आणि यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुलगी उठून आत गेली ती परत आलीच नाही. येताना मी भडकलो, तर हा शांतपणे म्हणतो, "दुसऱ्यांदा उत्तर बदललं असतं तर?"

गेल्या उन्हाळ्यात मात्र एक 'तर' त्याच्याच घरी चालून आला. कंपनीनं कळवलं, हातानं तपासायचं काम आता कमी होणार. टेस्टरनी कोड लिहायला शिकावं आणि परीक्षा द्यावी. पास होतील त्यांना ठेवू. बाकीच्यांचं काय, ते कळवलं नव्हतं.

मिलिंद शिकायला बसला. दुकानाच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. एक ओळ लिहायची, चार वेळा वाचायची आणि पुसायची. एकदा त्याचा प्रोग्रॅम पहिल्याच झटक्यात चालला, तर त्याचा चेहरा पडला. "चालला कसा भाऊ? काहीतरी गडबड हाय." सगळा पुसून त्यानं परत लिहिला. तेव्हा तो बंद पडला, मग कुठं याच्या जिवात जीव आला.

एका दुपारी लॅपटॉप मिटून म्हणाला, "दुसऱ्यानं बनवलेलं मोडायला मला कधीच भ्या वाटलं न्हाई. सोताचं लिहायला बसलो की बोटं गार पडून राहिलीत."

मी म्हणालो, "होईल रे." यापलीकडे मला तरी काय येत होतं?

परीक्षा नेमकी बाजाराच्या दिवशी आली. मी शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाइकं परत पाठवली. परीक्षेवर नजर ठेवायला लॅपटॉपचा कॅमेरा चालू, त्यामुळं मला बोलायची सोय नव्हती. बाहेर टेम्पोचे हॉर्न, कांदेवाल्याचा भोंगा. मिलिंद पडद्याकडे नुसता बघत होता. बराच वेळ एक अक्षर उमटलं नाही. मग एकाएकी तो लिहायला लागला. चुकलं की लाल अक्षरं यायची, तो दुरुस्त करायचा, परत लाल. थांबला मात्र नाही.

परीक्षा संपल्यावर बाहेर येऊन म्हणाला, "मोडलं तर मोडलं म्हनलं. मोडलेलं शोधणं तर मला येते."

निकालाचा मेल आला तो माझ्यासमोरच. त्यानं मला वाचायला लावला. मी वाचला. "पुन्हा वाचा." पुन्हा वाचला. पास. नोकरी राहिली, पुढच्या महिन्यापासून कोड लिहायचं काम.

मी ओरडलो, "अरे, मायला फोन लाव!"

त्यानं फोन हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. "काय सांगू? नोकरी जाऊन राहिली व्हती हेच तिला सांगितलं न्हाई. तिला बीपीची तकलीफ. आता पास झालो म्हनून कसं सांगू?" मग खाली बघत म्हणाला, "तुमी तरी हात मिळवा एकदा."

मी हात मिळवला. पेढे घेतले आणि त्याच्याबरोबर घरी गेलो.

माय अंगणात तूर पाखडत होती. मिलिंदनं पुडा पुढं केला. "सहजच आणले," तो म्हणाला.

मायनं पुडा उघडला. एक पेढा माझ्या हातावर ठेवला, दुसरा उचलून त्याच्या तोंडात घातला, तसाच हात त्याच्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "आता तरी झोपत जाय बाबा नीट. तू रातभर कूस बदलतू, तं मला बी डोळा लागत न्हाई."