दोनशे बारा जबडे

सकाळी सव्वादहाला डॉक्टर केळुसकरांच्या दातांच्या दवाखान्यात फोन वाजला. रिसेप्शनवरच्या उन्नतीनं तो उचलला.

"उन्नती हाय का? मी मालती बोलतंय, तुर्भ्याशी."

"बोला ना, मावशी."

"तू आता माज्या दातांचा फोटू मोबाइलवर पाठवलास ना?"

"हो, एक्स-रे पाठवला. मिळाला का?"

"मिळाला गो. सुनेनं मोजलं. एकतीस हायत."

मालतीबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता. सहा वर्षं त्या कवळीवर जेवत होत्या. कवळी सैल झाली म्हणून आल्या, नव्या कवळीचं माप द्यायला पुन्हा येते म्हणाल्या आणि आल्याच नाहीत, म्हणून तर त्यांना आज फोटो पाठवला होता.

"आनि वर तारा पन लावल्यान दातांना," मालतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला. "बाय, खरा सांग. कवळीच्या खाली दात उगवतात का कदी? चार दिस हिरडी ठनकतेच हाय माजी."

"नाही मावशी, काहीतरी गडबड झालीय. मी बघून फोन करते."

फोटो चुकीच्या माणसाला गेला असेल, एवढंच तिला वाटलं. तिनं कॉम्प्युटरवर मालतीबाईंच्या नावाची फाइल उघडली. स्क्रीनवर एकतीस दात आले, तारांसकट. मग तिनं शहाजी जगदाळे या नावाची फाइल उघडली. शहाजीकाका बावन्न वर्षांचे, तुर्भ्यात त्यांच्या मालाच्या गाड्या चालतात. त्यांच्या नावाखाली एका लहान मुलाचा जबडा होता. वर दुधाचे दात, आणि त्यांच्या मुळाशी, हाडात दडून, बाहेर यायची वाट पाहणारे पक्के दात. दोन मजली.

झालं होतं ते असं. दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन डॉक्टरांनी दुसऱ्याकडून जुनं घेतलेलं. ते फोटोवर पेशंटचं नाव उमटवत नसे. नुसता फोटो_१, फोटो_२ असा नंबर देई. तो नंबर डॉक्टर एका जाड रजिस्टरमध्ये नावासमोर लिहीत. पेशंट आला की रजिस्टर बघायचं, नंबर शोधायचा, फोटो उघडायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं आणि ते बदल असं कुणीही उन्नतीला सांगितलं नव्हतं.

पण उन्नती जुईनगरला शनिवार-रविवार पायथन प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जात होती. गेल्या रविवारी फायलींची नावं एकगठ्ठा बदलायची स्क्रिप्ट शिकवली, आणि तिला सगळीकडे नावं बदलायलाच आलेल्या फायली दिसू लागल्या. तीन दिवस बसून तिनं रजिस्टरमधली दोनशे बारा नावं ओळीनं टाइप केली. आज नऊ वाजता, डॉक्टर यायच्या आधी, चौदा ओळींची स्क्रिप्ट चालवली. दोन सेकंद लागले. पहिली फाइल उघडून पाहिली: विपुल घरत. समोरचा अर्धा तुटलेला दात, म्हणजे विपुलच. बरोबर. तिनं दुसरी उघडली नाही.

डॉक्टर आले तेव्हा तिनं अभिमानानं दाखवलं. डॉक्टर केळुसकर कमी बोलणारे. ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "मग आता सोपं आहे. उपचार अर्धवट टाकलेत त्यांना त्यांचे फोटो पाठव. लवकर भेटा म्हणून लिही." असे एकतीस जण निघाले. सव्वादहापर्यंत तिनं एकतीसही फोटो पाठवून दिले होते.

आता तिनं भराभरा दहा-बारा फायली उघडल्या. विपुल सोडून एकही ओळखीचं तोंड नव्हतं. जुनी नावं परत आणायची सोय नव्हती. मूळ फायलींची वेगळी कॉपी काढलेली नव्हती. आधी कॉपी, मग प्रयोग, असं क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. ते वाक्य तिनं वहीत लिहून खाली लाल रेघही मारली होती.

डॉक्टर आत एकाचे दात साफ करत होते. त्याला एक्स-रे लागत नव्हता. पण अकराला वैजयंती म्हात्रे यायच्या होत्या, अक्कलदाढ काढायला. उन्नतीनं त्यांची फाइल उघडली. डाव्या बाजूची दाढ आडवी होऊन शेजारच्या दातात घुसलेली. पण हा डावा जबडा कुणाचा, हे देवाला ठाऊक. डॉक्टर आत स्क्रीनवर हाच फोटो लावणार आणि हीच दाढ काढणार. उपटलेला दात परत लावता येत नाही.

आत जाऊन सरळ सांगावं, असं तिनं दोनदा ठरवलं. दोनदा खुर्चीतून उठली. डॉक्टर कधी ओरडत नसत, हीच भीती होती. आधीच्या रिसेप्शनिस्टला त्यांनी दोन वाक्यांत घरी पाठवलं होतं आणि त्यातलं एक वाक्य "छत्री विसरू नका" असं होतं.

पावणेअकराला दार उघडलं आणि शहाजी जगदाळे आत आले. एवढा धिप्पाड माणूस, पण चेहरा पिठासारखा पांढरा. त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

"मॅडम, हे काय वो?"

दोन मजली जबडा.

"तीन वेळा अपॉइंटमेंट चुकवली, चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "पर एवढं? खालनं नवीन दात यायलेत. मोजलं म्या. आता हे वरचे समदे काढणार का काय?"

"काका, बसा. तसं काही नाहीये."

"तसं नाय म्हंजे? तुमीच पाठवलाय."

"तो फोटो…" ती थांबली. तो तुमचा नाही म्हटलं की मग माझा कुठाय, हे आलंच. "सर सांगतील," ती म्हणाली.

शहाजीकाका बाकावर टेकले आणि जबडा दोन्ही हातांत धरून बसले, जणू तो आता खाली पडणार.

उन्नतीनं कागद ओढला. डोकं चालत नव्हतं, पण हात चालवायला हवे होते. विपुल, यादीत पहिला, त्याचा स्वतःचा फोटो. मालतीबाई, यादीत दुसऱ्या, त्यांच्या नावावर तारांचा फोटो. तारा रजिस्टरमध्ये एकाच माणसाला होत्या, केतनला, आणि त्याचा नंबर दहा. शहाजीकाका यादीत पाचवे, त्यांच्या नावावर लहान मूल. मूलही रजिस्टरमध्ये एकच, मनस्वी, सात वर्षांची, नंबर एकशे दोन. तिनं एकाखाली एक लिहिलं. एकला एक. दोनला दहा. पाचला एकशे दोन. मग तीन आणि चारला काय असेल?

शंभर. एकशे एक.

ती कागदाकडे बघतच राहिली. कॉम्प्युटरनं आकडे मोजलेच नव्हते. त्यानं शब्दकोशासारखी अक्षरं लावली होती. एकनंतर एकनं सुरू होणारे सगळे: दहा, शंभर, एकशे एक, एकशे दोन. एकशे नव्याण्णव उरकल्यावर कुठे दोनची पाळी. तिची यादी मात्र माणसासारखी होती, एक, दोन, तीन. दोन रांगा एकमेकांपुढे उभ्या केल्या आणि विपुल सोडून प्रत्येकाला दुसऱ्याचं तोंड मिळालं.

म्हणजे उलट करता येणार होतं. दहा मिनिटं हवी होती. घड्याळात अकराला पाच कमी होते आणि वैजयंतीताई दारात चप्पल काढत होत्या. खारघरच्या एका शाळेत त्या गणित शिकवत. सगळ्या गोष्टी वेळेवर.

"साडेबाराला माझा तास आहे," त्या म्हणाल्या. "अकराला सुरू करतील ना?"

"उन्नती," आतून आवाज आला, "म्हात्रेबाईंना पाठव."

"सर," उन्नती दारातून म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शहाजीकाका आलेत. खूप घाबरलेत. आधी त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता का? नाहीतर पुन्हा पळून जातील."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाठव."

शहाजीकाका उठायला तयार नव्हते. "ताईंना जाऊ द्या ना आदी. मी बसतो."

"मला चालेल," वैजयंतीताई म्हणाल्या.

"नाही, काका, तुम्हीच जा. नुसतं बोलायचंय. सर काही हातही लावणार नाहीत." तिनं त्यांना जवळजवळ ढकलतच आत नेलं, दार लावलं आणि कीबोर्डवर तुटून पडली. वैजयंतीताई समोर बसून घड्याळ बघत होत्या.

या वेळी तिनं आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढली. मग नवी यादी, नवा क्रम. बोटं चुकत होती. एका ओळीत कंस राहिला. पुन्हा. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की शहाजीकाकांच्या हातात मोबाइल होता.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. एका हातात तो मोबाइल, दुसऱ्या हातात अजून हातमोजा.

"उन्नती, हा शहाजींचा फोटो आहे?"

मागे शहाजीकाका, बाजूला वैजयंतीताई. आता खोटं सुचायलाही जागा उरली नव्हती.

"नाही, सर. तो मनस्वीचा आहे. सगळ्यांचे दात बदललेत, सर. माझ्याकडून. सकाळी नावं बदलली तेव्हा."

"सगळ्यांचे म्हणजे?"

"दोनशे बारा. विपुल घरत सोडून."

डॉक्टरांनी हातमोजा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. ती छत्रीच्या वाक्याची वाट पाहत राहिली.

"आणि एकतीस जणांना हे गेलंय."

"हो, सर. पण मला कळलंय काय झालं ते. उलट करता येईल. स्क्रिप्ट तयार आहे."

"परत चुकलं तर?"

"कॉपी आहे. आणि मालतीबाईंचा फोटो आधी बघू. त्यांना दात नाहीत. रिकामा जबडा आला तर सगळं बरोबर."

डॉक्टर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. वैजयंतीताईही उठून आल्या. गणित म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. शहाजीकाका सगळ्यांत मागे, पण उंचीमुळे त्यांना सगळ्यांत नीट दिसत होतं. उन्नतीनं कळ दाबली. दोन सेकंद. सकाळी हेच दोन सेकंद किती सुखाचे होते.

तिनं मालतीबाईंची फाइल उघडली. एक वाकलेलं, गुळगुळीत, साफ रिकामं हाड. एकही दात नाही.

"आला," उन्नती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा," शहाजीकाका म्हणाले. कुणाच्या बोळक्या तोंडाकडे पाहून एवढा आनंद झालेला माणूस त्या दवाखान्यानं पाहिला नव्हता.

या वेळी तिनं पहिल्या फोटोवर भागवलं नाही. दुसरा उघडला, पाचवा, शेवटचा. मग वैजयंतीताईंचा. आडवी दाढ उजवीकडे होती.

"उजवी," डॉक्टर हळूच म्हणाले.

"उजवीच," वैजयंतीताई म्हणाल्या. "दोन महिने दुखतेय. मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं."

हे तासभरात उन्नतीच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

शहाजीकाकांचा खरा फोटो उघडला. दुसरा मजला नव्हता. एक दाढ किडलेली होती, तीही भरण्याजोगी.

"बास, एवढंच?" ते म्हणाले. तीन वेळा पळालेला माणूस आपणहून खुर्चीवर जाऊन बसला, आणि वैजयंतीताईंनी, त्यांचा नंबर गेला तरी, काही म्हटलं नाही. दहा मिनिटांत शहाजीकाकांना उठवावं लागलं, कारण साडेबाराचा तास खरंच होता.

दुपारी एकपर्यंत उन्नती जीव मुठीत धरून बसली. फोन सारखे वाजत होते. एक जण म्हणे, माझ्या जबड्यात खिळा दिसतोय. एकीला दाताखाली गाठ दिसली. मनस्वीची आई, वैदेही, रडवेली झाली होती, सात वर्षांच्या पोरीला अक्कलदाढा कशा. उन्नती प्रत्येकाला चूक झाली म्हणून सांगू लागली, पण निम्मे लोक ऐकून घ्यायच्या आधीच म्हणत, ते काही नाही, उद्याची वेळ द्या, डॉक्टरांनी स्वतः बघितलं पाहिजे. ती निमूटपणे वहीत नाव लिही.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांनी अपॉइंटमेंटची वही उचलली, एक पान उलटलं, पुढचं उलटलं.

"हे सगळे अर्धवटवाले?"

"हो, सर. एकतीसपैकी बावीस."

"दोन वर्षं फोन करतोय मी यांना."

त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं.

"बरोबर फोटो अजून पाठवले नाहीस ना?"

"आता पाठवतेच."

"उद्या संध्याकाळी पाठवले तर?"

सकाळपासून ती या माणसाला घाबरत होती. आत्ताही घाबरत होती, पण मालतीबाईंचा तो खाली गेलेला आवाज तिच्या कानात होता. "नाही, सर," ती म्हणाली. "आजच पाठवायला हवेत. लोक रात्रभर हिरडी चाचपत बसतील."

डॉक्टरांनी वही खाली ठेवली. पहिल्यांदाच ते जरा ओशाळल्यासारखे दिसले.

"बरोबर आहे. आजच पाठव," ते म्हणाले. "पण स्क्रिप्ट वगैरे नको. हातानं पाठव, एकेक करून. प्रत्येक नाव रजिस्टरशी ताडून बघ." आणि आत जाता जाता, वहीच्या उद्याच्या पानावर नजर ठेवून म्हणाले, "सावकाश झालं तरी चालेल."